संक्षेप उलगडला म्हणजे अर्थ कळला असे नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यात एका सार्वजनिक वाचनालयात मी गेली 21 वर्षे ग्रंथपाल आहे. सकाळी आठला वाचनकक्ष उघडला की पहिली मागणी वर्तमानपत्रांची असते. आपले दैनिक टेबलावर आले की त्याची पाने सुटी होतात आणि चार-पाच जणांत वाटली जातात; कुणी जिल्ह्याचे पान घेते, कुणी बाजारभावाचे, कुणी संपादकीय. वाचता वाचता अडले की वाचक पान घेऊन माझ्या टेबलाशी येतात, ओळीवर बोट ठेवतात आणि विचारतात, "मॅडम, हे काय असतं?" असे विचारलेले शब्द मी काही वर्षांपासून एका वहीत लिहून ठेवते. शब्द, तारीख, आणि विचारणाऱ्याला तो का हवा होता, एवढेच. हे पत्र त्या वहीच्या आधाराने लिहीत आहे.

उजनी धरण आमच्याच तालुक्यात आहे, त्यामुळे वहीत सर्वांत जास्त नोंदी पाण्याच्या आहेत. दर उन्हाळ्यात "उजनी उणे 36 टक्के" अशा धर्तीचा मथळा येतो आणि दर उन्हाळ्यात कुणी ना कुणी विचारतेच, की धरणात पाणी शून्याच्या खाली कसे जाईल? आडात पाणी असते किंवा नसते. उणे पाणी ही गोष्ट कुणी पाहिलेली नाही. 2024 च्या उन्हाळ्यात हा आकडा उणे साठच्या जवळ गेला, तेव्हा एका आजोबांनी धरणाचा तळ उघडा पडला असेच धरले होते. त्यांना मी कागदावर आकडे मांडून दाखवले. उजनीचा एकूण साठा 117.23 टीएमसी (टीएमसी हे धरणातले पाणी मोजण्याचे माप, त्याविषयी पुढे लिहिते). त्यातला तळाचा 63.66 टीएमसी हा मृतसाठा म्हणून बाजूला धरलेला आहे आणि त्याच्या वरचा 53.57 टीएमसी हा उपयुक्त साठा. वर्तमानपत्रात येणारी टक्केवारी या वरच्या हिश्श्याची असते. म्हणजे "शून्य टक्के" लिहिले जाते त्या दिवशीसुद्धा धरणात निम्म्याहून जास्त पाणी असते, आणि "उणे 36" असते तेव्हाही सुमारे 44 टीएमसी असते. मात्र ते सगळे राखीव तळातले असते, त्याचा उपसा अवघड होत जातो, सोलापूर शहराला पाणी देण्यासाठी दुबार उपशाची, म्हणजे तेच पाणी दोन टप्प्यांत पंपाने उचलण्याची, वेळ येते, आणि म्हणून काळजीचे कारण खरोखरच असते. आजोबांनी तो कागद घडी करून खिशात ठेवला. म्हणाले, "हे एवढं पेपरात लिहायला काय हरकत आहे?" त्या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नव्हते, म्हणून तो आपल्यापर्यंत पोहोचवत आहे.

आपले दैनिक संक्षेप उलगडून सांगत नाही, अशी माझी तक्रार नाही. बऱ्याचदा सांगते. टीएमसीपुढे "अब्ज घनफूट" असे लिहिलेले मी अनेकदा पाहिले आहे. परंतु ज्याला टीएमसी कळत नाही त्याला अब्ज घनफूट तरी कुठून कळणार? संक्षेपातली अक्षरे मोकळी करून त्यांच्या जागी पूर्ण शब्द ठेवले, की आपले काम झाले असे लिहिणाऱ्याला वाटते; वाचणाऱ्याच्या हातात मात्र एका बंद पेटीऐवजी दुसरी बंद पेटी पडते. एक टीएमसी पाणी जर सपाट रानावर फूटभर उंचीचे उभे केले, तर ते सुमारे 23,000 एकर रान झाकील, असे सांगितले की आमच्याकडचा शेतकरी मान डोलावतो, कारण एकर आणि फूट या दोन्ही गोष्टी त्याच्या रोजच्या आहेत. शहरातल्या वाचकासाठी हेच पाणी 10,000 लिटरच्या सुमारे 28 लाख टँकरांइतके होते, असे सांगता येईल. "क्युसेक" हा त्याचा जोडीदार. सेकंदाला एक घनफूट, म्हणजे साधारण 28 लिटर, ही त्याची व्याख्या झाली. पण साडेअकरा हजार क्युसेकचा प्रवाह एक पूर्ण दिवस-रात्र चालला की एक टीएमसी पाणी होते, हा हिशेब सांगितला की दोन्ही मापे एकमेकांना जोडली जातात, आणि दौंडचा विसर्ग, म्हणजे भीमेतून उजनीकडे वाहत येणारे पाणी, वाचून उजनीत आज किती भर पडेल हे वाचक आपले आपण काढू लागतो. तसे काढणारे दोन-तीन जण आता आमच्या वाचनकक्षात आहेत आणि पावसाळ्यात त्यांच्याभोवती गर्दी असते.

पुराच्या दिवसांत हीच उणीव अधिक बोचते. पंढरपुरात भीमेच्या काठाला राहणाऱ्या माणसाला "उजनीतून एक लाख क्युसेक विसर्ग, वीर धरणातून तीस हजार" एवढे वाचून रात्री सामान हलवायचे की नाही, हे ठरवता येत नाही. जुना दगडी पूल पाण्याखाली जाणार का, पाणी कोणत्या वस्तीपर्यंत येण्याचा अंदाज प्रशासनाने दिला आहे, ते कोणत्या वेळी पोहोचेल, या भाषेत त्याला बातमी हवी असते. आकडा द्यावा, जरूर द्यावा; पण आकड्याच्या शेजारी पूल हवा. "विसर्ग" या शब्दाबद्दल तर एका सातवीच्या मुलीने मला विचारले होते, की अक्षरापुढच्या दोन टिंबांचा धरणाशी काय संबंध? तिचा प्रश्न अगदी रास्त होता.

यावर कुणी म्हणेल, की आता प्रत्येकाच्या हातात फोन आहे, अडले तर शोधावे. आमच्याकडच्या एका तरुण वाचकाने टीएमसी हा शब्द असाच शोधला, तेव्हा त्याच्यासमोर आधी बंगालमधला राजकीय पक्ष आला, आणि ठाणे महापालिका व मुंबईतले कर्करोगाचे रुग्णालय हेही त्याच तीन अक्षरांत बसतात. एकाच अंकाच्या दोन पानांवर टीएमसी पक्षही असतो आणि पाणीही असते. संदर्भाने कळते, हे खरे. पण ज्याला विषयच नवा आहे त्याच्यापाशी संदर्भ नसतो, आणि खुलासा तर त्याच्यासाठीच करायचा असतो.

एकाच संक्षेपाचे असे अनेक अर्थ माझ्या वहीत पानेच्या पाने भरून आहेत. त्यांत मला सर्वांत बोलका वाटतो तो "डीपी". शेतकऱ्याला डीपी म्हणजे रानातले विजेचे रोहित्र. "डीपी जळाला" म्हटले की पिकाला आठ-दहा दिवस पाणी नाही, हे त्याला न सांगता कळते. नगरपालिकेच्या बातमीत डीपी म्हणजे विकास आराखडा, आणि "डीपी रस्ता" म्हणजे त्या आराखड्यात आखलेला रस्ता, जो जमिनीवर अजून नसतोही. शेअरबाजाराच्या पानावर डीपी म्हणजे समभागांचे डिमॅट खाते सांभाळणारी मध्यस्थ संस्था. आणि आमच्या मुलांना डीपी म्हणजे फोनवरचा स्वतःचा फोटो. चौघेही आपापल्या ठिकाणी बरोबर आहेत. "टीडीएस"चेही तसेच: बँकेत व्याजातून कापलेला कर, पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रावर पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण, आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवर दिवसातून तीन वेळा घ्यायचे औषध. "एसटी आरक्षण" असा मथळा असला तर तो दिवाळीच्या गाडीतल्या जागांविषयी आहे की अनुसूचित जमातींच्या आरक्षणाविषयी, हे खालची बातमी वाचल्याशिवाय सांगता येत नाही. आणि शिक्षक होऊ पाहणाऱ्या मुलांना "टीईटी" आणि "टेट" या दोन वेगवेगळ्या परीक्षा आहेत, पहिली पात्रतेची आणि दुसरी अभियोग्यतेची, हे बातमीत एकदा स्पष्ट लिहिलेले हवे असते, कारण अर्जाची मुदत त्यांना चुकवून चालत नाही.

इथे लिपीचाही एक प्रश्न आहे, आणि त्याच्याकडे फारसे लक्ष दिले गेलेले नाही असे मला वाटते. इंग्रजीत संक्षेप मोठ्या अक्षरांत छापतात, त्यामुळे ज्याला अर्थ माहीत नाही त्यालाही एवढे तरी दिसते, की इथे काहीतरी दुमडलेले आहे. देवनागरीत मोठी-लहान अक्षरे नाहीत. "नीट", "सेट", "नेट", "कॅट" ही परीक्षांची संक्षिप्त नावे ओळीत इतर शब्दांसारखीच बसतात. "नीट परीक्षा सुरळीत" हे वाचताना नीट हा शब्द नाव आहे की विशेषण, असा क्षणभर प्रश्न पडतोच. मराठीची स्वतःची जी जुनी रीत होती, तीत ही अडचण नव्हती, कारण प्रत्येक आद्याक्षरापुढे टिंब असायचे. मु. पो., ता., जि., ह. भ. प., चि., सौ., ता. क. ही सारी आपलीच अक्षरे. आमच्या वडिलांच्या पिढीची पत्रे "सा. न. वि. वि." असे लिहूनच सुरू व्हायची आणि ते वाचताना कुणाचे अडत नसे. मराठीला संक्षेपाचे वावडे कधीच नव्हते. फरक एवढाच, की मु. पो. उलगडले की मुक्काम आणि पोस्ट हे माहितीतले शब्द हाती येतात, आणि ते वाचकाने स्वतः शेकडो पाकिटांवर लिहिलेले असतात. आज बातम्यांत येणारे संक्षेप मात्र दुसऱ्या भाषेत दुमडले जातात आणि त्या भाषेतल्या अक्षरांची नुसती नावे आपण देवनागरीत उतरवतो. ते उलगडले तरी आत जे सापडते ते परकेच असते.

म्हणून सरळ मराठी प्रतिशब्द द्यावेत, म्हणजे प्रश्न मिटला, असेही मी म्हणणार नाही. भाषेवर माझे प्रेम आहे आणि मराठी शब्द रुळावेत असे मला मनापासून वाटते. परंतु "चटई क्षेत्र निर्देशांक" हा शब्द वाचून एफएसआय कळल्याचे सांगणारा वाचक मला अजून भेटलेला नाही. त्यांना सतरंजी-चटई आठवते. हजार चौरस फुटांच्या भूखंडावर निर्देशांक एक असेल तर सर्व मजले मिळून हजार चौरस फूट बांधता येते आणि दोन असेल तर दोन हजार, असे एक वाक्य लिहिले की मग एफएसआय लिहा किंवा चटई क्षेत्र लिहा, वाचक दोन्हींशी जुळवून घेतो. उलट ज्या ठिकाणी साधा मराठी शब्द लोकांच्या तोंडात आहे तिथे तो टाळला जातो, याचे मात्र मला वाईट वाटते. रिझर्व्ह बँकेने 2025 च्या फेब्रुवारीत आणि एप्रिलमध्ये रेपो दर प्रत्येकी 25 बेसिस पॉइंटांनी कमी केला, असे छापून येते. आपल्याकडे त्यासाठी "पाव टक्का" हा शब्द आहे, तो भाजीवालीलाही कळतो. जूनमध्ये कपात झाली ती अर्ध्या टक्क्याची. रेपो दर म्हणजे रिझर्व्ह बँक इतर बँकांना अल्प मुदतीचे कर्ज देते त्याचा व्याजदर. तो उतरला की गृहकर्जाचा हप्ता उतरण्याची शक्यता असते आणि मुदत ठेवीवरचे व्याजही उतरते. ठेवीच्या व्याजावर घर चालवणाऱ्या निवृत्त शिक्षकांना दुसरी अर्धी बाजू आधी कळायला हवी असते. बातमीत बहुधा पहिलीच असते.

ऊस हा आमच्या भागाचा जीव आहे, तेव्हा एफआरपीविषयी थोडे विस्ताराने लिहिते. हा संक्षेप आमच्याकडे शाळेतल्या पोरालाही पाठ आहे. "रास्त आणि किफायतशीर दर" हा त्याचा अर्थही बहुतेकांना सांगता येतो. तरीही दर वर्षी एक वाद वाचनालयाच्या पायरीवर होतोच. 2025-26 च्या हंगामासाठी एफआरपी क्विंटलला 355 रुपये, म्हणजे टनाला 3,550 रुपये, असे वर्तमानपत्रात येते, आणि हातात पडलेल्या बिलावर त्याहून बरीच कमी रक्कम असते. मग कारखान्याने बुडवले असे एक म्हणतो आणि पेपरवाल्यांनी खोटे छापले असे दुसरा म्हणतो. वस्तुतः त्या हंगामाचा तो 355 चा दर 10.25 टक्के साखर उताऱ्यासाठी आहे, म्हणजे एक टन उसातून एकशे साडेदोन किलो साखर निघाली तर. उतारा त्याहून 0.1 टक्क्याने कमी झाला की क्विंटलमागे 3.46 रुपये कमी होतात, साडेनऊ टक्क्यांच्या खाली उतारा गेला तरी 329.05 रुपयांच्या खाली दर जात नाही, आणि महाराष्ट्रात या रकमेतून तोडणी व वाहतुकीचा खर्च वजा होऊन उरलेले पैसे शेतकऱ्याला मिळतात. ऊस गेल्यापासून 14 दिवसांत ते मिळाले पाहिजेत आणि उशीर झाला तर वर्षाला 15 टक्के दराने व्याज देण्याची तरतूद आहे. या साऱ्या गोष्टी बातमीत एका परिच्छेदात मावतात. त्या असल्या तर शेतकरी आपले बिल घेऊन बसेल, स्वतः आकडेमोड करील आणि कारखान्याने खरोखरच कमी दिले असेल तर नेमके किती कमी दिले हे बोट ठेवून सांगू शकेल. शब्द पाठ असणे आणि तो आपल्या कामाला येणे, या दोन गोष्टींत एवढे अंतर आहे.

माझ्या स्वतःच्या घरातलेही एक उदाहरण आहे. माझा भाचा पिंपरी-चिंचवडकडे नोकरी करतो. घर घेताना विकणाऱ्याच्या माणसाने "इमारतीला सीसी मिळालेली आहे" असे सांगितले, आणि त्याने बातम्यांत, जाहिरातींत हा शब्द वाचलेला असल्यामुळे त्याचा अर्थ "काम पूर्ण झाल्याचा दाखला" असा धरला. प्रत्यक्षात ते बांधकाम सुरू करण्याचे परवानगीपत्र होते. दोन्हींची इंग्रजी आद्याक्षरे तीच. एक कामाच्या पहिल्या टोकाचे, दुसरे शेवटच्या टोकाचे. आणि राहायला जाण्यासाठी जे लागते ते भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे बोलण्यातले "ओसी", ते तर निराळेच. जवळजवळ दोन वर्षे तो कर्जाचा हप्ता आणि घरभाडे असे दोन्ही भरत होता. तो अभियंता आहे, इंग्रजी उत्तम जाणतो. तेव्हा हा प्रश्न कमी शिकलेल्यांचाच आहे असे कुणी समजू नये. आपल्या क्षेत्राबाहेर पाऊल टाकले की आपण सगळेच नवखे असतो.

आता ज्या गोष्टीमुळे हे पत्र लिहायला बसले, ती सांगते. आमच्या गल्लीत एकट्या राहणाऱ्या एक काकू आहेत. त्यांना फोन आला, की तुमचे केवायसी अपूर्ण आहे, आज संध्याकाळपर्यंत केले नाही तर खाते बंद पडेल आणि निवृत्तिवेतन अडकेल. केवायसी हा शब्द त्यांनी बँकेच्या भिंतीवर वाचला होता, आपल्या दैनिकातही वाचला होता. तो महत्त्वाचा आहे आणि तो आपल्याला कळत नाही, एवढेच त्यांना ठाऊक होते. त्यांनी फोनवरचा माणूस सांगत गेला तसे केले आणि 48,000 रुपये गेले. नंतर त्या वाचनालयात आल्या आणि मला म्हणाल्या, "अगं, केवायसी म्हणजे नेमकं करायचं काय असतं, ते तरी सांग." मी सांगितले, की बँकेने आपल्या खातेदाराची ओळख आणि पत्ता कागदपत्रांवरून पटवून घेणे, एवढाच त्याचा अर्थ, त्यासाठी शाखेत जाऊन आधार, पॅन यांच्या प्रती देता येतात, आणि फोनवर आलेला सांकेतिक क्रमांक कुणालाही सांगण्याची त्यात गरज नसते. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

त्या आठवड्यात आपल्या दैनिकात अशाच दुसऱ्या एका प्रकाराची बातमी होती, मथळा होता "केवायसी अपडेटच्या नावाखाली वृद्धाची फसवणूक". बातमी नीट होती, पोलिसांचे आवाहन होते. केवायसी म्हणजे काय, हे मात्र तीत कुठेही नव्हते. ज्या शब्दाच्या धाकाने गुन्हा घडला, तो शब्द बातमीतही तसाच बंद राहिला. "डिजिटल अरेस्ट"च्या बातम्यांतही हेच होते. आपल्या कायद्यात व्हिडिओ कॉलवरून अटक करण्याची कोणतीही तरतूद नाही, हे एक वाक्य त्या प्रत्येक बातमीत, आणि शक्यतो पहिल्या परिच्छेदात, असायला हवे. फसवले गेल्यास तत्काळ 1930 या क्रमांकावर कळवायचे असते, हेही. न कळणाऱ्या शब्दापुढे माणूस दबतो आणि दबलेल्या माणसाला प्रश्न विचारण्याचे धैर्य होत नाही. फसवणारे नेमके तेच हेरतात.

सरकारी योजनांच्या बातम्यांत ही अडचण रोजची आहे. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना 2024 मध्ये सुरू झाली, तेव्हापासून "डीबीटी" (सरकारचे पैसे थेट बँक खात्यात जमा होणे), "आधार सीडिंग", "ई-केवायसी" हे शब्द आमच्याकडे चुलीपर्यंत पोहोचले आहेत. एका ताईंचे आधार त्यांच्या खात्याला जोडलेले होते, बँकेने तसे सांगितलेही होते, तरी पैसे येईनात. त्या तीन वेळा बँकेत गेल्या, प्रत्येक वेळी शेतातल्या कामाचा रोज बुडवून. जोडणे आणि सीडिंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांना कुणी सांगितले नव्हते. खात्याला आधार जोडलेले असणे म्हणजे बँकेकडे तुमचा क्रमांक नोंदलेला असणे. सीडिंग म्हणजे सरकारी पैसे या आधार क्रमांकावर आले तर ते कोणत्या बँकेत वळवायचे, याची मध्यवर्ती नोंद. ती एका वेळी एकाच बँकेची असते आणि शेवटी केलेली नोंद ग्राह्य धरली जाते. ताईंनी बरेच पूर्वी दुसऱ्या एका बँकेत खाते उघडले होते, त्या वेळी अर्जावर कुठेतरी खूण झाली होती आणि पैसे तिकडे जमा होत होते. एवढा उलगडा त्यांना बातमीतून झाला असता, तर दोन फेऱ्या आणि दोन रोज वाचले असते.

जागेची अडचण मी जाणते. वर्तमानपत्रातला एकेक सेंटिमीटर मोलाचा असतो, बातमीदार रात्री उशिरा घाईत लिहितो, मथळ्यात लांब शब्द बसत नाहीत. मथळ्यात संक्षेप खुशाल वापरावा. प्रत्येक संक्षेप उलगडावा असेही माझे म्हणणे नाही; एटीएम, एमआयडीसी, एसटीची गाडी यांचा खुलासा करत बसलात तर वाचकाला ते अपमानास्पद वाटेल. सातबारा हा शब्दही मूळचा गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा यांच्या आकड्यांतून आलेला आहे, पण तो महाराष्ट्रातल्या प्रत्येक घराने पिढ्यान्‌पिढ्या वापरून स्वतःचा करून घेतला आहे. जो शब्द लोकांनी हाताळून गुळगुळीत केला आहे, त्याला हात लावायचे कारण नाही. ज्या शब्दावर वाचकाचा पैसा, पाणी, जमीन, औषध किंवा मुलांचे वर्ष अवलंबून आहे आणि जो त्याच्या हातात अजून यायचा आहे, त्याच्यापुढे बातमीत प्रथम येताच एक वाक्य हवे. त्या वाक्याने अक्षरे मोकळी करण्यापेक्षा वाचकाच्या "मग माझे काय?" या प्रश्नाला उत्तर द्यावे. काल सांगितले होते म्हणून आज वगळू नये; आमच्या वाचनकक्षात रोज कुणीतरी पहिल्यांदाच बसलेले असते. आणि जमल्यास, छापण्यापूर्वी अर्थविषयक बातमी क्रीडा विभागातल्या सहकाऱ्याने आणि पाटबंधाऱ्याची बातमी चित्रपटविषयक लिहिणाऱ्याने एकदा वाचावी. तो जिथे अडेल तिथेच आमचे वाचक अडतात, हे मी 21 वर्षांच्या अनुभवाने सांगते.

जाणकार वाचकांना असे खुलासे बाळबोध वाटतील, ही भीती संपादकांना असते असे ऐकले आहे. आमच्याकडे निवृत्त अभियंते, वकील, प्राध्यापक असे वाचकही येतात. उजनीच्या मृतसाठ्याचा कागद मी आजोबांना समजावत होते, तेव्हा पाटबंधारे खात्यात आयुष्य काढलेले एक गृहस्थ शेजारी बसून शांतपणे ऐकत होते. शेवटी त्यांनी माझ्या एका आकड्यातली दशांशाची चूक दुरुस्त केली आणि आजोबांना आणखी दोन गोष्टी सांगितल्या. त्यांना कंटाळा आला असे मला दिसले नाही.

वहीतल्या ज्या पानांवर आपल्या दैनिकातले शब्द आहेत, त्यांच्या छायाप्रती सोबत जोडत आहे. प्रत्येक शब्दापुढे तो कोणत्या तारखेच्या अंकात आला आणि विचारणाऱ्याला तो कशासाठी हवा होता, हे लिहिले आहे. नावे मी झाकली आहेत. अकरा शब्दांपुढची जागा कोरी आहे, कारण त्यांचा अर्थ मलाही खात्रीने सांगता आलेला नाही. ज्यांनी ते विचारले, त्यांतले बहुतेक वाचक अजून रोज सकाळी येतात. त्या शब्दांचा खुलासा आपल्या अंकात आला, तर त्या दिवशीचे पान मी त्यांच्यासाठी वेगळे काढून ठेवीन.

आपली नम्र,
सार्वजनिक वाचनालयातील एक ग्रंथपाल
ता. माढा, जि. सोलापूर